डिसमिस हाती धरण्याची लाज

गेल्या वैशाखात आप्तांकडच्या एका लग्नात बारावी झालेला एक मुलगा पंगतीत माझ्या शेजारी बसला होता. इलेक्ट्रॉनिक्सची शाखा घ्यावी, चिप कशी बनते ते शिकावे, असे त्याच्या मनात होते. समोरच्या पानावरून त्याच्या काकांनी विचारले, "हार्डवेअर? म्हणजे सयाजीगंजात दुकान थाटून लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणार का रे?" पंगत हसली. मुलगाही हसला आणि मान खाली घालून श्रीखंड खाऊ लागला. पुढे त्याने कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश घेतल्याचे कळले. त्या पंगतीत मीही होतो आणि मी काहीही बोललो नाही. तेव्हा बोलायला हवे होते ते आता लिहितो आहे. विलंबाने लिहिण्याची सवय सरकारी नोकरीत जडलेली आहे.

माझे म्हणणे असे की, आपल्या घरांत संगणक यंत्र म्हणून आलाच नाही. तो लेखणी म्हणून आला. बडोद्यात आपले पूर्वज गायकवाडांच्या मागोमाग आले. कोणी शिलेदार, कोणी पागेत, कोणी फडावर, कोणी खासगीकडे. काळाच्या ओघात तलवारी खुंटीला लागल्या आणि हाती उरली ती लेखणी. बसून करण्याचे, हात न मळणारे, महिनाअखेरीस ठरलेला पगार देणारे काम ही आपली प्रतिष्ठेची व्याख्या ठरली. सॉफ्टवेअर या व्याख्येत नेमके बसले, म्हणून ते आपल्याला पहिल्या दिवसापासून ओळखीचे वाटले. ती लेखणी ज्या यंत्रावर चालते ते यंत्र मात्र परक्याचे, कारागिराचे, झाकणाखालचे राहिले.

ही वृत्ती संगणकाच्या फार आधीची आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली या शहरात कलाभवन उभे केले आणि ते प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपवले. रंगशास्त्र, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तिथे शिकवले जात. दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी. १९१२ साली विलायतेहून आणलेला कॅमेरा ज्यांनी स्वतः हाताळून, चालवून पाहिला आणि ज्यांच्या घरात सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडत बसल्या, त्या माणसाकडून चित्रपटाचा उद्योग जन्माला आला. आज आपण फाळक्यांचे नाव अभिमानाने घेतो. पण माझ्या घरची गोष्ट सांगतो. आमचे आजोबा हुजूर कचेरीत कारकून होते. त्यांचे धाकटे बंधू कलाभवनात रंगशास्त्र शिकून गिरणीत लागले. घरात आजोबांचा उल्लेख 'रावसाहेब' असा होई आणि धाकट्यांचा 'रंगारी' असा. रंगाऱ्याचा पगार रावसाहेबांच्या पगारापेक्षा अधिक होता, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

माझ्या कचेरीत पहिला संगणक आला तो १९९३ साली. त्याच्यासाठी वातानुकूलित खोली, प्लास्टिकचे आच्छादन, दाराबाहेर चपला आणि काही दिवस उदबत्तीसुद्धा! एके दिवशी तो सुरू होईना. देखभालीचा करार असलेल्या कंपनीचा माणूस आठ दिवसांनी येणार होता. संध्याकाळी मी डिसमिस घेऊन झाकण उघडले. (स्क्रू पिळण्याच्या या हत्याराला इकडे डिसमिसच म्हणतात. सरकारी नोकराला हा शब्द ऐकून धडकी का भरते, हे निराळे सांगायला नको.) मेमरीच्या पट्ट्या बाहेर काढल्या, त्यांच्या कडेच्या धातूवर खोडरबर फिरवले, पुन्हा घट्ट बसवल्या, आणि संगणक सुरू झाला. यात जादू काही नव्हती. धातूवर बारीक थर साचला की विजेचा स्पर्श नीट होत नाही, इतकेच. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी बोलावून विचारले, "आपण क्लास टू अधिकारी आहात ना? मग मेकॅनिकचे काम कशाला करता?" यंत्र विनापरवानगी उघडल्याबद्दल लेखी खुलासाही मागवण्यात आला. तो मी सादर केला. यंत्र चालू झाले, याचा त्या कागदपत्रांत कुठेही उल्लेख नाही.

आता कोणी म्हणेल, ही जुनी रड झाली. आजचे युग कृत्रिम बुद्धिमत्तेचे आहे, पट्ट्यांवर खोडरबर फिरवण्याचे नाही. उलट आहे. २०१२ साली टोरांटो विद्यापीठात जेफ्री हिंटन यांच्या दोन विद्यार्थ्यांनी, ॲलेक्स क्रिझेव्हस्की आणि इल्या सुत्स्केव्हर यांनी, चित्रे ओळखणारे जाळे तयार करून साऱ्या जगाला मागे टाकले. ते जाळे त्यांनी कशावर शिकवले? एनव्हिडियाच्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर, म्हणजे घरी बसून संगणकीय खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी विकल्या जाणाऱ्या कार्डांवर. मज्जाजाळ्याची कल्पना कित्येक दशके जुनी होती. तिला पेलणारे यंत्र नव्हते. खेळातले चित्र झटपट रंगवण्यासाठी एकाच वेळी हजारो लहान गणिते करणारी चिप बनली, आणि तेच सामर्थ्य या जाळ्याला हवे होते. कार्डाच्या पोटात काय चालते हे ज्याला ठाऊक होते, त्यालाच हे सुचले. हिंटन यांना २०२४ चे नोबेल मिळाले, तेही भौतिकशास्त्राचे!

आणि ही चिप बनते कशी, ते एकदा तरी मुलांना सांगावे. कोणत्याही पुराणकथेइतके ते रोमांचक आहे. सर्वांत बारीक चिपांसाठी लागणारे प्रकाशयंत्र जगात एकच कंपनी विकते, नेदरलँड्समधील वेल्डहोव्हनची एएसएमएल. त्या यंत्रात वितळलेल्या कथलाचे थेंब सेकंदाला पन्नास हजार या वेगाने सोडले जातात आणि उडत्या थेंबावर लेसरचा मारा होतो. त्यातून १३.५ नॅनोमीटर लांबीचा प्रकाश निघतो. हा प्रकाश हवेत शोषला जातो म्हणून सारे निर्वात ठेवायचे. काचेतून पार होत नाही म्हणून भिंग चालत नाही, जर्मनीच्या झाइसने घासलेले आरसे लागतात. यातले प्रत्येक काम कोणीतरी हातांनी जुळवलेले आहे. पंगतीतल्या त्या काकांना हे दुकान दाखवायला हवे.

आपल्या देशाला हे कधी जमलेच नसते, असेही नाही. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ साली चिपांचे उत्पादन सुरू झाले. आज जगाला चिपा पुरवणारी तैवानची टीएसएमसी स्थापन झाली १९८७ साली, म्हणजे आपल्यानंतर तीन वर्षांनी. ७ फेब्रुवारी १९८९ रोजी मोहालीचा कारखाना आगीत भस्म झाला आणि तो पुन्हा उभा राहायला कित्येक वर्षे गेली. त्या आगीबद्दल हळहळणारा माणूस मला आमच्या आप्तेष्टांत एकही भेटला नाही. नव्वदीनंतर आपण सारे सॉफ्टवेअरच्या निर्यातीत आणि अमेरिकेच्या व्हिसात रमलो होतो. मोहालीची प्रयोगशाळा मात्र जिवंत राहिली. इस्रोसाठी तिथे बनलेली 'विक्रम' ही ३२ बिटांची चिप सप्टेंबर २०२५ मध्ये देशापुढे आली.

आणि आता हे काम आपल्या दारात आले आहे. साणंदला मायक्रॉनच्या कारखान्याचे भूमिपूजन सप्टेंबर २०२३ मध्ये झाले. मेमरी चिपांची चाचणी आणि बांधणी हे त्याचे काम. धोलेऱ्यात टाटा आणि तैवानच्या पीएसएमसी यांच्या कारखान्याची पायाभरणी १३ मार्च २०२४ रोजी झाली. योजना ९१ हजार कोटींची, २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड रेषांच्या चिपांची, महिन्याला ५० हजार चकत्यांची. दोन्ही ठिकाणे बडोद्याहून काही तासांच्या वाटेवर. तिथे जाणाऱ्या मुलांत आपली नावे किती असतील?

एक बाजू मान्य केलीच पाहिजे. सॉफ्टवेअरने आपल्या समाजाची घरे उभी केली, कर्जे फेडली. माझ्या मुलीचा संसारही त्यावरच चालतो. कारखान्यातल्या तंत्रज्ञाचा पहिला पगार लग्नाच्या बाजारात मिरवण्याजोगा नसतो, पाळ्या रात्रीच्या असतात, आणि धोलेरा म्हणजे काही बंगळूर नव्हे. घोषणांमधल्या नोकऱ्या आणि प्रत्यक्ष नोकऱ्या यांत किती अंतर असते, हे ज्याने सरकारी फायली हाताळल्या त्याला सांगावे लागत नाही. पण लेखणीची शाश्वती तरी कुठे उरली आहे? जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तीही मुख्यतः मधल्या आणि वरच्या पायरीवरची. नवशिक्याला शिकताना जे प्रोग्रॅम लिहायला देत, ते आता यंत्रच लिहून देते. पुंज संगणकाचे नाव घेऊन कोणी आशेने पाहत असेल, तर २०२५ चे भौतिकीचे नोबेल क्लार्क, देव्होरे आणि मार्टिनिस यांना मिळाले ते विजेच्या एका थंडगार मंडलावर १९८४-८५ मध्ये केलेल्या प्रयोगांसाठी, हेही पाहावे. तिथेही तारा आणि शीतयंत्रेच आहेत.

जाता जाता खरेदीचेही बोलतो, कारण लाज तिथपर्यंत पोहोचली आहे. लॅपटॉप घेताना आपण रंग पाहतो, जाडी पाहतो. झाकण उघडते का, मेमरी वाढवता येते का, हे विचारीत नाही. कित्येक नव्या लॅपटॉपांत ती मदरबोर्डवर डाखून टाकलेली असते. ती बिघडली की सारे यंत्र मोडीत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे भाव चढले आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीची आपली 'क्रुशल' ही विक्रीच गुंडाळण्याचे जाहीर केले. ज्याचे झाकण उघडते, त्याला निदान जुन्या संगणकाची पट्टी काढून बसवता येते.

आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात, ज्ञानकोशाच्या कपाटामागे, दोन जुने संगणक धूळ खात पडले आहेत. रविवारी सकाळी ते टेबलावर काढावेत, मुलामुलींना उघडू द्यावेत, मी स्वतः बसेन, मोडले तर भरपाई देईन, असा लेखी अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे. तो 'विचाराधीन' असल्याचे समजले. या शेऱ्याचा अर्थ मी जाणतो. नोकरीत असताना तो मीच कितीतरी फायलींवर मारला आहे. म्हणून स्मरणपत्र लिहून ठेवले आहे, आणि त्या मुलाला येत्या रविवारी माझ्या घरीच बोलावले आहे.