बूट रुंद घ्या, पातळ नको

गोव्यातल्या मयेच्या तळ्याकडे सकाळी फिरायला येणाऱ्या तरुणांच्या पायांत हल्ली ‘बेअरफूट शूज’ दिसतात. तेच बूट घालून ही मुले हरवळ्याचा धबधबा आणि पेडण्यातला हळर्णचा किल्ला गाठतात. मी डिचोलीत शाळेत पीटी शिकवते, त्यामुळे पालक मला विचारतात, ‘टीचर, हे घ्यावेत का?’ मी सांगते, आकार जरूर घ्या, पातळपणा नको.

या बुटांत तीन गोष्टी एकत्र येतात. बोटांना ऐसपैस जागा, टाच आणि चवडा एका पातळीत, आणि पायाखालचा खडा जाणवेल इतका पातळ तळ. पहिल्या दोन गोष्टींसाठी मी कुणाशीही वाद घालीन. वर्गातल्या मुलांना बूट काढायला सांगितले की आत दबलेली करंगळी आणि तिरका होऊ लागलेला अंगठा दिसतो. त्यांच्याच आज्यांनी उभा जन्म शेतात अनवाणी काढला; त्यांची बोटे अजून पंख्यासारखी पसरलेली आहेत. शेजारच्या कर्नाटकातल्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 2300 मुलांचे पाय तपासले होते. 1992 साली त्यांनी लिहिले की, बूट वापरणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के, तर न वापरणाऱ्यांत 2.8 टक्के. पुढून बंद असलेल्या बुटांत हे प्रमाण सर्वाधिक, सँडल-चपलांत त्याहून कमी. तरी गणवेशात अजून तेच निमुळते काळे बूट, पावसात भिजलेले, दिवसभर पायांत. पावसाळ्यात मुलांना सँडल घालू द्या, असे मी पालकसभेत दरवेळी सांगते आणि सांगत राहणार.

पातळ तळाचे मात्र आपल्या जमिनीशी जमत नाही. पेडण्याचे सडे जांभ्याचे. उन्हाळ्यात त्याच्या कडा बोचतात, पावसात त्यावर शेवाळ धरते. डिचोलीच्या खाणपट्ट्यात वाटेवर सुटी खडी असते. तिथे खोल खाचांचा, पकड घेणारा तळच हवा. संध्याकाळी सड्यावरून उतरणार असाल तर घोटा झाकणारा बूट घाला. फुरसे तिथेच दगडांत असते.

दुसरे कारण मला जास्त काळजीचे वाटते. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघाले, प्रौढांमध्ये 26.4 टक्के. मधुमेहाने पाय बधिर झाला असेल तर रुतलेला काटा कळतच नाही आणि जखम चिघळते. अशा माणसाने पातळ तळाच्या वाटेला जाऊच नये.

धडधाकट माणसानेही घाई करू नये. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांत अशा बुटांकडे वळलेल्या 19 धावपटूंपैकी 10 जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. पोटऱ्यांना आणि हाडांना सवय व्हायला महिने लागतात. आधी घरात, मग बाजारापर्यंत, डोंगर सगळ्यात शेवटी.

बूट घेताना परदेशी नावाच्या मागे लागायची गरज नाही. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कागदावर सरळ उभे राहा आणि पेन्सिलीने दोन्ही पावले आखून घ्या. तो कागद दुकानात न्या, बुटातली आतली पट्टी काढून त्यावर ठेवा. पावलाची रेघ पट्टीबाहेर जात असेल तर दुसरा जोड मागा.