मोह आपला, बाटली कोणाची?



मोहाची फुलं गळायला लागली. पहाटेच बाया-पोरं टोपल्या घेऊन रानात निघतात. अशा वेळी दारूवर दोन शब्द बोलायचे आहेत. 'दारू सोडा' सांगणारे पुष्कळ येतात. आम्ही वेगळं विचारतो: आपली चव कोणी बदलली?

म्हाताऱ्यांना विचारा. वाळलेली फुलं मडक्यात पाणी घालून चार-सहा दिवस आंबवायची. मग मडकं चुलीवर, वर झाकण, बाजूला बांबूची नळी. वाफ गार होऊन थेंब थेंब दारू पडायची. नवसागर नाही, काळा गूळ नाही. पहिली धार देवाला. मग पानाच्या द्रोणात सगळ्यांना, बायांनासुद्धा. आणि तीच फुलं पावसाळ्यात पोटाला आधार. सगळी दारूत घातली तर पोरं काय खाणार? हा हिशेब घरातच व्हायचा.

हा हिशेब सरकारने मोडला. 1878 च्या आबकारी कायद्याने घरी गाळणं गुन्हा झालं आणि विक्री मक्तेदाराच्या हातात गेली. 1892 मध्ये मोहाचा कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं जमवण्या-बाळगण्यावरच बंधनं आली. झाड आपल्या दारात, पण फूल घरात ठेवलं की चोर! ज्याचं मडकं फुटलं तो दुकानात गेला. दुकानदार उधार द्यायचा, वहीत अंगठा घ्यायचा. पुढे कित्येकांची जमीन त्याच वहीतून गेली.

आपले लोक गप्प बसले नव्हते. 1922 साली पालघरच्या किनाऱ्यावरून देवीची चळवळ उठली. जव्हार, सुरगाणा, डांग, खानदेश, सुरतपर्यंत गेली. गावंच्या गावं जमली, दारू-ताडी सोडली, मक्तेदाराच्या दुकानाकडे पाठ फिरवली. कोणा साहेबाने हुकूम दिला नव्हता. लोकांनीच ठरवलं होतं.

आज काय चाललंय? नाक्यावरची देशी दारू उसाच्या मळीची. ऊस आपला नाही, कारखाना आपला नाही, नफाही आपला नाही. आपली फक्त मजुरी, ती शनिवारी संध्याकाळी बाटलीत जाते. पूर्वी बसून, गावाबरोबर प्यायचे. आता बाप्ये एकटे, उभ्या उभ्या पितात. जुनी दारू फार चांगली होती, असं आम्ही म्हणत नाही. मडक्यातल्या दारूनेही बाया मार खाल्ल्या आहेत, हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय. पण तेव्हा आवरायला गाव होतं. आता गल्ला दुसऱ्याचा आणि तुरुंग आपल्याला.

1996 चा पेसा कायदा सांगतो की गावात दारू बंद करायची, की तिच्यावर बंधन घालायचं, हे ठरवायचा अधिकार ग्रामसभेचा आणि पंचायतीचा. गौण वनोपजाची मालकीही त्यांचीच. म्हणजे फूल आणि बाटली, दोन्हींचा निकाल आपल्या सभेत लागला पाहिजे.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. फुलं वेचून झाली की ग्रामसभा बोलवा. बायांना पुढे बसवा, आधी त्यांचं ऐका. नाक्यावरचं दुकान ठेवायचं की नाही, फुलं व्यापाऱ्याला कोणत्या भावाने द्यायची, घरात किती ठेवायची, सगळं ठरवा. ठराव लिहा, सह्या-अंगठे घ्या, एक प्रत गावात ठेवा.

वहीवर अंगठा आजवर दुसऱ्यासाठी उठवला. आता आपल्या ठरावावर उठवू.