जाळ नाही, तरी खिडकी हवी

गेल्या डिसेंबरात भाचीच्या साखरपुड्यासाठी आम्ही बुऱ्हाणपूरला गेलो होतो. तापीकाठची थंडी पहाटे चांगलीच झोंबत होती. ताईच्या खोलीत गॅसचा नवा हीटर होता. जाळ कुठे दिसेना, पण हात पुढे केला की छान ऊब लागे. "अरे, यात जाळच नाही. दारं-खिडक्या लावून खुशाल नीज," ताई म्हणाली. मी मात्र उठून खिडकी उघडली.

जाळ नाही म्हणजे गॅस जळत नाही, असे नव्हे. या हीटरमध्ये एक जाड गादी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा लेप असतो. गादी आधी तापवावी लागते. मग गॅस आणि हवेतला प्राणवायू त्या धातूच्या पृष्ठभागावरच एकत्र येतात, तेही ज्योतीपेक्षा पुष्कळ कमी तापमानाला. धातू स्वतः खर्च होत नाही. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा दोघांची गाठ तेवढी घालून देतो. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने ही करामत १८१७ सालीच दाखवली होती.

पण प्राणवायू खर्च होतो तो खोलीतलाच. तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. या विषारी वायूला ना रंग, ना वास.

हे मी केवळ पुस्तकातले सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर होता. मुलगा आंघोळीला गेला आणि हाकेला ओ देईना. दार तोडून त्याला बाहेर काढले, मोकळ्या हवेत तो शुद्धीवर आला. थंडी लागते म्हणून वरच्या झरोक्याला पुठ्ठा मीच लावला होता.

दुसऱ्या दिवशी शाही किल्ल्यातला हमाम पाहिला. शहाजहानने तो मुमताजसाठी बांधला, असे सांगतात. ती १६३१ साली याच शहरात वारली. हमामांची रीत अशी, की आग बाहेर आणि आत फक्त ऊब. ते ऐकून सौ. म्हणाली, "आमच्या अज्जीच्या बच्चलमनेतला हंडाही असाच होता की! चूल पेटवायची ती परसातून."

जुन्या माणसांनी आग भिंतीपलीकडे ठेवली होती. आपण ती घरात आणली आहे, तेव्हा निदान हवेला तरी वाट ठेवूया. हीटर लावून झोपू नये आणि झरोका कधी बुजवू नये.

निघताना पाहिले, ताईने खिडकीच्या फटीत लाकडाची खुंटी ठोकली होती, पुन्हा कोणी ती पूर्ण लावू नये म्हणून.