कुत्र्याची लस आणि घरची सुई

मंडळी, कुत्र्याला घरीच लस टोचावी का, यावरून सध्या आमच्या घराण्यात दोन तट पडले आहेत. सांगलीचा पुतण्या म्हणतो, दुकानातून बाटली आणायची, मानेमागची कातडी चिमटीत धरायची आणि टोचायचे, त्यात काय एवढे? डॉक्टरची फी वाचते.

टोचणे फार अवघड नाही, हे मलाही मान्य. माझा आक्षेप सुईला नाही, बाटलीला आहे. रेबीजची लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. तापली तरी गेली, गोठली तरी गेली. मे महिन्यात मिरजेहून पिशवीत घालून एसटीने आणलेल्या लसीत किती दम उरला, हे बाटलीकडे बघून कसे कळणार? पण 'आमच्या कुत्र्याला टोचलंय' हा समज मात्र घरात पक्का होतो. उद्या तेच शेजारच्या पोराला चावले, की "काळजी नको, लस दिलीय" असे आपणच सांगणार. आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. कुत्रे कोणाचेही असो, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवायची आणि दवाखाना गाठायचा. डॉक्टरने टोचले तर निदान तारीख आणि सही असलेले कार्ड तरी हाती राहते.

पुतण्याचे अर्धे म्हणणे मात्र मला पटते. माण-खटावच्या वस्तीवरचे कुत्रे मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात कोण नेणार? लाळ्या-खुरकुताची लस गोठ्यात येऊन देतात. २०२२ साली लम्पी आला, तेव्हाही गोठोगोठी जाऊन जनावरांना टोचले. त्याच गोठ्याच्या दारातले कुत्रे तसेच राहते. गाय दूध देते. कुत्रे राखण करते, पण राखणीची डेअरीत पावती मिळत नाही ना! गोव्यात पथकांनी गल्लोगल्ली हिंडून कुत्री टोचली आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या आठवड्यात डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना घेऊन, बर्फाच्या डब्यासह वस्तीवस्तीवर यावे. ग्रामपंचायतीने आदल्या दिवशी कुत्री बांधून ठेवायला सांगावे. धरायला आम्ही निवृत्त मास्तर आहोतच. चाळीस वर्षे याहून द्वाड मंडळी धरून बसवली आहेत.