पाच किलोच्या वजनाने अडवलेला दरवाजा

लातूर-नांदेडच्या नव्या व्यापारी संकुलांत जिन्याच्या तोंडाशी आपोआप मिटणारा एक जाड दरवाजा असतो आणि पुष्कळदा तो पाच किलोच्या वजनाने, नाहीतर तुरीच्या पोत्याने अडवून उघडा ठेवलेला आढळतो. कारणेही समजण्यासारखी आहेत : हमालांची ये-जा, उकाडा आणि गिऱ्हाईक आले हे गादीवरून दिसावे ही इच्छा.

परंतु हा दरवाजा आगीपेक्षाही आधी धूर अडवण्यासाठी असतो. जिन्यात धूर शिरला की वरच्या मजल्यावरील माणसांची वाट बंद होते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पोहोचली आणि पाच जणांचे प्राण गेले. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल आवारातील आगीत चौदा जण दगावले. त्यांतील बहुतेक गुदमरून.

दरवाजा उघडा ठेवायचाच असेल, तर त्याला योग्य मार्ग आहे. भिंतीवरील विद्युतचुंबक दरवाजा धरून ठेवतो आणि तो आगीच्या इशारायंत्रणेशी जोडलेला असतो. इशारा होताच चुंबक सुटतो व दरवाजा मिटतो. वीज गेली तरीही तो मिटतो. भारनियमनाला सरावलेल्या मराठवाड्यात हा कुणाला त्रास वाटेल. पण वीज नसताना दरवाजा मिटलेला असणे हीच सुरक्षित बाजू होय. इमारतीला एकच जिना असेल, तर मात्र या सोयीचाही मोह टाळावा. केवळ बाहेरचे दिसावे एवढाच हेतू असेल, तर अग्निरोधक काचेची खिडकी असलेला दरवाजा पुरेसा आहे आणि तो चुंबकाहून साधा आहे.

मिटलेला दरवाजा म्हणजे कुलूप लावलेला दरवाजा नव्हे. चोरीच्या भयाने जिन्याला साखळी घालणारे व्यापारी एका धोक्यातून सुटण्यासाठी दुसरा ओढवून घेतात.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ही जबाबदारी मालकाबरोबर भोगवटादारावरही आहे. ‘जागा भाड्याची आहे’ ही सबब तेथे चालत नाही. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत व जुलैत द्यावे लागते. मात्र कागदावर शिक्का पडला म्हणून दरवाजा मिटतोच असे नाही. महिन्यातून एकदा इशाऱ्याची कळ दाबून, तो शेवटपर्यंत चौकटीत बसतो की जमिनीला घासून मध्येच थांबतो, हे पेढीतील एखाद्या जबाबदार माणसाने उभे राहून पाहावे. रात्री पेढी वाढवताना सर्व अग्निरोधक दरवाजे मिटवूनच निघावे.