हौस, मालकी आणि मोल

१९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्याने 'साहित्यकृती' या संज्ञेत संगणकाच्या आज्ञावलीचाही समावेश केलेला आहे. कायद्याच्या लेखी व्हिडिओ गेमची आज्ञावली आणि 'कोसला' ही कादंबरी एकाच पंगतीत बसतात. या शेजाराकडे मराठी समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. खेळ हा मुलांचा विषय आणि प्रताधिकार हा वकिलांचा, अशी वाटणी करून ती मोकळी झाली. वास्तविक या दोहोंच्या मध्ये जो प्रश्न उभा आहे तो समीक्षेच्या घरचाच आहे: एकाच्या कृतीवर दुसऱ्याने काही रचले, तर त्या रचनेचा कर्ता कोण, आणि तिच्या मोबदल्यावर हक्क कोणाचा?

या प्रश्नाचे एक रूढ उत्तर आहे. चाहत्यांनी खेळात नवे नकाशे रचावेत, पात्रे बदलावीत, खेळताना केलेल्या समालोचनाच्या चित्रफिती काढाव्यात. मात्र त्याचे पैसे घेऊ नयेत. हौस म्हणून सारे क्षम्य, पैसा शिवला की चोरी. खेळकंपन्यांच्या परवानापत्रांतून ही अट वारंवार आढळते, आणि आश्चर्य असे की अनेक चाहतेही ती नीतिवचनासारखी उच्चारतात. ही भूमिका उदार दिसते, पण ती उदार नाही, आणि तिच्या मुळाशी असलेला साहित्यविचारही कच्चा आहे.

अमेरिकेतील एका खटल्याने हा कच्चेपणा उघडा पाडला. 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' या खेळासोबत कंपनीनेच नव्या पातळ्या रचण्याचे साधन दिले होते. खेळाडूंनी त्या उत्साहाने रचल्या. 'मायक्रो स्टार' या दुसऱ्याच कंपनीने अशा ३०० पातळ्या गोळा करून तबकडीवर विकायला काढल्या. १९९८ साली अपील न्यायालयाने ही विक्री बेकायदा ठरवली. निकालातील युक्तिवाद साहित्याच्या अभ्यासकाने मुळातून वाचावा असा आहे. खेळाडूंच्या नकाशांत मूळ खेळातील एकही चित्र नव्हते. कोणते चित्र कोठे ठेवायचे एवढ्या सूचनाच होत्या. तरीही न्यायालयाने म्हटले की हे नकाशे त्याच नायकाच्या कथेचे पुढचे भाग आहेत, आणि कथेचा पुढचा भाग सांगण्याचा हक्क मूळ मालकाचा. इतरांनी नव्या पातळ्या फुकटच द्यायच्या, अशी परवान्यातील अट होती.

येथे दोन कंपन्या भांडल्या आणि एक जिंकली. पातळ्या रचणारे मात्र या खटल्यात कोठेच नाहीत. बळकावणारी कंपनी त्यांना काही देत नव्हती, आणि जिंकलेल्या कंपनीच्या अटीत त्यांना काही मिळणारच नव्हते. नायकाची पुढची कथा सांगणारे ते आहेत एवढे न्यायालयाने मान्य केले. त्या कथेचे कर्ते म्हणून त्यांचे काही देणे लागते का, हा प्रश्न निकालाच्या कक्षेतच आला नाही. बार्थने १९६७ साली लेखकाचा मृत्यू घोषित केला तेव्हा वाचकाचा जन्म अपेक्षित होता. येथे वाचक जन्मला, त्याने संहिता पुढे लिहिलीही, आणि मग त्याला बिनपगारी ठेवण्यात आले.

हा अपवाद नव्हे. १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ' या खेळावर दोन चाहत्यांनी 'काउंटर-स्ट्राइक' रचला. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने तो विकत घेतला. या सुखान्त कथेचा दाखला नेहमी दिला जातो. त्याचा अर्थ मात्र एवढाच की मोबदला मिळाला तो मालकाची मर्जी झाली म्हणून. 'वॉरक्राफ्ट' या खेळाच्या नकाशांतून 'डोटा' हा खेळप्रकार जन्मला. त्यातून धडा घेऊन ब्लिझर्ड कंपनीने २०२० च्या आवृत्तीसोबत असा नियम केला की खेळाडूंनी रचलेले सर्व खेळ कंपनीच्याच मालकीचे राहतील. २०१५ च्या एप्रिलमध्ये 'स्कायरिम'च्या चाहत्यांना आपली रचना विकण्याची सोय मिळाली. त्यात रचणाऱ्याचा वाटा २५ टक्के होता. खेळाडूंचा असा संताप झाला की काही दिवसांतच योजना मागे घ्यावी लागली. वाटा अपुरा असल्याची तक्रार होती, पण हौसेला किंमत लावल्याचा रागही तेवढाच मोठा होता. मालकाचे तत्त्व चाहत्यांनीच राखले.

मराठी मनाला हे तत्त्व पटकन पटते, आणि त्याला कारण आहे. हरिकथा करून द्रव्य घेणाऱ्यांवर तुकोबांनी कोरडे ओढले आहेत. जेथे कीर्तन करावे तेथे जेवूही नये, असा वारकरी दंडक आहे. (प्रत्यक्षात कीर्तनकाराला बिदागी मिळत आलीच, ते सोडून देऊ.) तेव्हा 'प्रेमाने केलेल्याचे पैसे कसले?' हा प्रश्न संतवाणीसारखा वाटतो. पण हे साम्य फसवे आहे. तो दंडक कीर्तनकाराने स्वतःवर घालून घेतलेला होता, आणि कथेचा मालक विठ्ठल दुसऱ्या दाराने तिकिटाचे पैसे गोळा करीत नव्हता. खेळकंपनी तेच करते. चाहत्याच्या रचनेने खेळाचे आयुष्य वाढते, विक्री वाढते; आणि निरिच्छतेचा उपदेश मात्र एकट्या चाहत्याला. भक्तीची भाषा वेठीला लावणे यालाच म्हणतात.

परंपरेला साक्षीला बोलवायचेच, तर पैठणचे एकनाथ अधिक उपयोगाचे आहेत. शके १५०६, म्हणजे १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, आणि या ग्रंथात पुढे कोणी ओवी घालील तर अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल, अशा अर्थाचा इशारा त्यांच्या नावे आहे. याहून कडक प्रताधिकार शोधून सापडणार नाही! पण त्याच एकनाथांचे भावार्थ रामायण अपुरे राहिले तेव्हा ते गावबाने पूर्ण केले. गावबा नाथांच्या घरी राहिला तो पुरणपोळीच्या ओढीने, असे परंपरा सांगते. म्हणजे मोबदलाही होता. मग नाथांचा निषेध कशाला? निषेध पाठ बिघडवण्याला आहे, दुसऱ्याच्या नावाखाली आपले खपवण्याला आहे. ग्रंथ पुढे नेण्याला नाही, आणि पोट भरण्याला तर नाहीच. केशवकुमारांची 'झेंडूची फुले' समकालीन कवींच्या शैलीवरच उभी आहे. हे विडंबन विकत मिळते म्हणून कोणी त्याला चोरी म्हटलेले नाही.

नाव आणि मोल यांतील हा भेद भारतीय कायद्याला अज्ञात आहे असेही नाही. त्यासाठी पैठणहून शेजारच्या जालन्यात यावे लागते. १९६४ साली जालन्यात महिको स्थापन झाली आणि पुढे हे शहर बियाणे-उद्योगाचे केंद्र बनले. वाण ही बौद्धिक मालमत्ताच आहे. ते घडवायला वर्षे लागतात, भांडवल लागते, आणि ते शेतकऱ्याच्या हाती पडताच त्याची प्रत निघू शकते. अगदी खेळासारखे. तरीही २००१ च्या वाण-संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला 'हौस म्हणून पेर, विकू नकोस' असे सांगितलेले नाही. संरक्षित वाणाचे बी राखणे, पेरणे, वाटणे, इतकेच नव्हे तर विकणे हाही त्याचा हक्क मानला आहे. मनाई एकच: ते बी संरक्षित वाणाचे असल्याची चिठ्ठी लावून, पाकीटबंद करून विकता येत नाही. वाण घडवताना ज्याचे मूळ बियाणे वापरले त्याला लाभात वाटा मागण्याची तरतूदही या कायद्यात आहे. परतूरच्या शेतकऱ्याला जो हक्क आहे, तो त्याच्याच घरात बसून खेळाचा नकाशा रचणाऱ्या त्याच्या मुलीला का नसावा, याचे उत्तर प्रताधिकाराच्या पुरस्कर्त्यांनी द्यायला हवे.

अर्थात हा दाखला जपून वापरला पाहिजे. जालन्याची कीर्ती झाली ती संकरित बियाण्यावर, आणि संकरित वाणाचे गुण पुढच्या पिढीत तसेच उतरत नाहीत. कायद्याने दिलेला हक्क तेथे बियाण्याच्या जातीनेच पोकळ केला. खेळांतही तेच घडते आहे. पूर्वी खेळ तबकडीवर मिळे, तो उघडून पाहता येई. आज अनेक खेळ कंपनीच्या सर्व्हरवाचून सुरूच होत नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये 'पबजी मोबाइल'वर सरकारने बंदी घातली तेव्हा, आणि जुलै २०२२ मध्ये त्याचा भारतीय अवतारही बंद झाला तेव्हा, त्यावर चित्रफिती करून मिळवणाऱ्यांच्या पायाखालची जमीन एका दिवसात गेली. ज्यांचा करारच नव्हता त्यांनी दाद कोठे मागायची?

आक्षेप असा येईल की मूळ निर्मात्याची गुंतवणूक बुडाली तर नवे खेळ निघणारच नाहीत. आक्षेप रास्त आहे, पण तो जशीच्या तशी प्रत काढून विकणाऱ्याला लागू पडतो. मूळ खेळ विकत घेतल्याखेरीज जो नकाशा चालतच नाही, तो रचणाऱ्याने कोणाचे गिऱ्हाईक पळवले? शिवाय मोबदल्याचे गणित संगीतात सोडवून झालेले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने घातलेल्या '३१ क' या कलमानुसार, मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे उलटली की ठराविक स्वामित्वशुल्क आगाऊ भरून कोणालाही त्या गाण्याचे नवे मुद्रण काढता येते. मालकाची मर्जी लागत नाही; त्याचे पैसे त्याला पोहोचतात आणि गाणाऱ्यालाही विक्री करता येते. हे शुल्क वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने भरावे लागते. परतूरच्या मुलीला ते परवडणारे नाही, तेव्हा खेळांसाठी हा आकडा बदलावाच लागेल, आणि नकाशावर मूळ खेळाच्या शेजारी तिचे स्वतःचे नाव छापावे लागेल.