पहिले काम कोण देणार?

टेंभी नाक्यापासून कोर्ट नाका हाकेच्या अंतरावर. तेथे काळे डगले चढवून समतेचा युक्तिवाद करणाऱ्यांनी एकदा आपल्याच कचेरीत डोकावून पाहावे, अशी आमची विनंती आहे. आपले ज्युनिअर कोणत्या घरांतून येतात?

१९२३ साली बॅरिस्टर आंबेडकरांनी मुंबई हायकोर्टात वकिली आरंभिली. कोलंबिया व लंडन येथील पदव्या, ग्रेज इनची बॅरिस्टरी. विद्वत्तेत उणे ते काय होते? तरीही सॉलिसिटर त्यांना कामे देईनात. कायद्याने त्यांना अडविले नव्हते. अडविले ते रूढीने.

१९५० च्या घटनेने अस्पृश्यता नष्ट केली, सरकारी नोकरीत समान संधी दिली. खासगी वकिली पेढीत कोणास घ्यावे, हे मात्र मालकाच्या मर्जीवर राहिले. मग पुतण्याला, भाच्याला जागा मिळते. घरून पैसे मागविता न येणारा हुशार मुलगा सनद गुंडाळून ठेवतो. न्या. भूषण गवई २०२५ साली सरन्यायाधीश झाले, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु एकाने शिखर गाठले म्हणून पायथ्याची वाट सुकर होत नाही.

कोऱ्या प्रतिज्ञांनीही ती होत नाही. २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर अनेक अमेरिकन वकिली पेढ्यांनी वंशन्यायाचे अभिवचन दिले. २०२५ साली सरकारचा डोळा वटारताच त्यांतील काहींनी माघार घेतली.

आमचे मागणे साधे आहे : जागेची जाहीर सूचना, ज्युनिअरला पोटापुरते वेतन आणि परक्या घरच्या मुलालाही पहिले काम. एवढे न करता आंबेडकरांच्या तसबिरीला हार घालणे, हे ढोंग होय!